पोलादाचं नाव नंतर वाचा, आधी पट्टी बघा

पत्र

काका, नमस्कार. माझं काम दिवसभर पार्सलं उघडण्याचं आणि बांधण्याचं. कटरची पाती सारखी मोडतात म्हणून रोज खिशात राहील असा एक घडीचा चाकू घेतला. महाग नाही, पण अगदी फुटकळही नाही. काळं कोटिंग आहे, पातं नऊ सेंटीमीटरचं, मागच्या निम्म्या धारेला करवतीसारखे दाते, वजन १७० ग्रॅम. पात्यावर ‘८ सीआर १३ एमओव्ही’ असं कोरलंय. लॉक एकदम मजबूत आहे, पातं उघडलं की आतली पट्टी पार पलीकडच्या बाजूला जाऊन टेकते. पण आमच्याकडचा एक जाणकार म्हणतो की हे भंगार पोलाद आहे, चाकू घ्यावा तर महागाचाच. मला कळत नाही. कागद छान कापतो, पण जाड खोक्यात मध्येच अडकतो. परत करायला सहा दिवस उरलेत. ठेवू की परत करू? आणि परत केला तर पुढचा घेताना काय बघू?

उत्तर

परत करा. मात्र तुमचा जाणकार सांगतो त्या कारणासाठी नाही. त्याने ज्याला नावं ठेवली ते पोलाद ही तुमच्या चाकूतली त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे, आणि तुम्ही ज्याचं कौतुक केलंय त्या लॉकमध्येच खरी खोड आहे.

आधी लॉकचं सांगतो, कारण बोटं तुमची आहेत. तुमच्या वर्णनावरून हे लायनर लॉक दिसतं. मुठीच्या आत स्टीलचा पातळ पत्रा असतो. त्यातून एक पट्टी कापून आतल्या बाजूला वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी स्प्रिंगसारखी सरकते, पात्याच्या बुडामागे येऊन उभी राहते आणि त्याला मिटू देत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकी कारागिराने या लॉकला आजचं रूप दिलं. बनवायला सुटसुटीत असल्यामुळे पुढे ते स्वस्त चाकूंतही सर्रास आलं. पात्याचं बूड जरा तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे पट्टी तिथे पाचरीसारखी बसते. सगळी गंमत त्या पाचरीत आहे. नव्या चाकूत पट्टीने बुडाच्या रुंदीचा पाव ते निम्मा भाग व्यापावा. वापरता वापरता पट्टीचं टोक आणि बूड दोन्ही झिजतात, पट्टी थोडी थोडी पलीकडे सरकत जाते, आणि झीज भरून निघते. त्यासाठी पुढे मोकळी जागा लागते. तुमच्या चाकूची पट्टी पहिल्याच दिवशी पलीकडच्या भिंतीला टेकली आहे. पाचर आणखी ठोकायला जागाच नाही. आज घट्ट वाटतंय, पण जरा झीज झाली की पातं वर-खाली डुगडुगू लागेल.

हे वर-खाली डुगडुगणं आणि पातं आडवं हलणं यांत फरक आहे, आणि चाकू घेताना तो हाताला कळला पाहिजे. पातं उघडा, मूठ एका हातात धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पातं बाजूने पकडा आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडं हललं तर घाबरायचं कारण नाही. पातं ज्या स्क्रूवर फिरतं तो पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा भागतं. आता तसंच वर-खाली, म्हणजे उघडण्या-मिटण्याच्या दिशेने हलवा. इथे ‘टक टक’ जाणवलं तर चाकू खाली ठेवा आणि दुसरा मागा. ही ढिलाई लॉकची असते आणि ती आवळायला चाकूत स्क्रू नसतो.

इंटरनेटवर काही लोक चाकूची पाठ टेबलावर दाणकन आपटून लॉक तपासतात. तसं करू नका. चांगलं लॉकही त्याने बिघडतं, आणि सुटलं तर पातं बोटांवर मिटतं. मी करतो ते असं: मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, पातं मिटलंच तर वाटेत एकही बोट येणार नाही अशी. मग पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू दाब वाढवायचा. पट्टीकडे नजर ठेवा. ती जागची जराही सरकली की निकाल लागला.

माझ्या उजव्या तर्जनीवर एक पांढरा व्रण आहे. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, नवा लागलो होतो. पट्ट्याला भोक पाडायचं म्हणून बिनलॉकच्या घडीच्या चाकूचं टोक चामड्यात खुपसलं आणि फिरवत होतो. टोक अडकलं, मूठ पुढे गेली, पातं मिटलं. चाकूचा दोष नव्हता, मी त्याला टोच्याच्या कामाला लावलं होतं. तेव्हापासून मी लॉककडे गाडीच्या सीटबेल्टसारखा बघतो. तो हवा, चालू स्थितीत हवा, पण त्याच्या भरवशावर गाडी भिंतीवर घालायची नाही.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येऊ. कागद कापतो आणि खोक्यात अडकतो, हे तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंय, पण चाकूची सगळी कुंडली त्या ओळीत आहे.

कागद कापायला धार लागते. खोकं कापायला धारेबरोबर पातळपणा लागतो. कागद कापला की बाजूला पडतो, पात्याला अडवत नाही. जाड पुठ्ठा दोन्ही बाजूंनी पात्याला चिकटून राहतो. धार पुढे गेली तरी मागचं जाड पोलाद त्या फटीतून ओढायला जोर लागतो. म्हणून धारेच्या लगेच मागे, म्हणजे धारेचा तिरका भाग संपतो त्या रेषेवर, पातं किती जाड आहे ते बघायचं. पाठीची जाडी कोणीही सांगतं, जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते. धारेमागची जाडी कोणी सांगत नाही. व्हर्नियर असेल तर जपून मोजा. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर चाकू खोक्यातून सुळकन जाईल. पाऊण मिलिमीटरच्या वर गेली की पाचर झाली, आणि पाचर लाकूड फोडायला चांगली. व्हर्नियर नसेल तर धारेचा तिरका पट्टा किती रुंद आहे ते बघा. नवीन चाकूला तो दीड-दोन मिलिमीटर रुंद आणि दुरूनही चमकताना दिसत असेल, तर मागे पातं जाड आहे असं समजायला हरकत नाही.

पटत नसेल तर तुमच्या जुन्या कटरकडे बघा. ज्या कटरची बोथट टोकं मोडून टाकत पुढे जायचं, त्याचं १८ मिलिमीटर रुंदीचं पातं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यात जादूचं पोलाद नाही, आणि तरी तो पुठ्ठा लोण्यासारखा कापतो तो या पातळपणामुळे. १९५६ साली जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी हे मोडत जाणारं पातं काढलं. फुटलेल्या काचेच्या धारदार कडा आणि तुकडे पडणारी चॉकलेटची वडी या दोन गोष्टींवरून त्यांना ते सुचलं. या साध्या वस्तूला कमी लेखू नका. खरं सांगायचं तर दिवसभर पन्नास-शंभर खोकी कापायची असतील तर ते काम आजही कटरचंच आहे. पुठ्ठ्यात, विशेषतः जुन्या कागदापासून बनवलेल्या पुठ्ठ्यात, खनिजांचे बारीक कण असतात आणि ते कुठल्याही पोलादाची धार खातात. तुमची पाती मोडतात ती बहुधा एका वेळी तीन-चार कप्पे बाहेर काढल्यामुळे. एकच कप्पा बाहेर ठेवून बघा. चाकू हवा तो उरलेल्या कामांसाठी: दोरी, प्लास्टिकची पट्टी, पाकिटं, चिकटपट्टी, पेन्सिलचं टोक, फळ, धाग्याचं टोक.

तुमच्या चाकूचे ते करवती दाते म्हणजे आगीत तेल. जाड दोर आणि सीटबेल्टसारखे पट्टे कापायला ते छान आहेत, पण पुठ्ठ्यात दर दातागणिक गचका बसतो. शिवाय सपाट दगडावर त्यांना धार लावता येत नाही, प्रत्येक दात गोल कांडीवर एकेक करून घासावा लागतो. अर्धी साधी आणि अर्धी करवती धार दिसायला दणकट वाटते. पण पातं नऊ सेंटीमीटरचं असेल तर बारीक कामाला तुमच्या हाती साडेचारच उरतं, आणि मुठीजवळचा सगळ्यात ताकदीचा भाग दात्यांनी अडवलेला असतो. मी असा चाकू फुकटातही घेणार नाही.

आता पोलाद. जाणकाराला सांगा की नाव पुन्हा एकदा नीट वाच. ‘८ सीआर १३’ यातल्या ८ चा अर्थ कार्बन साधारण ०.८ टक्के, आणि १३ म्हणजे क्रोमियम साधारण १३ टक्के. शेवटचं एमओव्ही म्हणजे थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. कार्बनमुळे पोलाद कडक होतं, क्रोमियममुळे गंज दूर राहतो. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. रोजच्या खिशातल्या चाकूला हे मिश्रण पुरेसं आहे. ‘३ सीआर १३’ असेल तर कार्बन फक्त ०.३ टक्के. तो सहज गंजणार नाही, पण धारही फार टिकणार नाही. ‘४२० जे २’ त्याच घरातलं. ‘१४ सी २८ एन’ मिळालं तर डोळे झाकून घ्या, म्हणजे पोलादापुरते डोळे झाका, बाकी सगळं बघा. त्यात कार्बन ०.६२ आणि क्रोमियम १४ टक्के, धार बारीक लागते आणि गंज लवकर धरत नाही. ‘डी २’ सध्या स्वस्त चाकूंतही दिसतं. दीड टक्का कार्बन, धार खूप टिकते, पण क्रोमियम १२ टक्के असूनही बराचसा कार्बनबरोबर अडकून पडतो, म्हणून घामाने डाग पडतात. शिवाय धार लावताना हात भरून येतात. घाम फार येत असेल आणि दगडावर धार लावायची सवय नसेल, तर ‘डी २’च्या वाटेला जाऊ नका.

नुसतं ‘४४०’ लिहिलेलं दिसलं तर भुवया वर करा. या घरात तीन भावंडं आहेत: ए, बी आणि सी. कार्बन चढत्या क्रमाने, चाकूला सगळ्यात चांगलं सी. ज्याच्याकडे सी असतं तो ते अक्षर लिहायला विसरत नाही. ‘सर्जिकल स्टील’ हा शब्द तर कशालाही चिकटवता येतो. आणि स्वस्तात ‘दमास्कस’ची, म्हणजे थराथरांच्या पोलादाची लहरी नक्षी दिसली तर पात्याची पाठ बघा. खरे थर जोडून बनवलेलं पातं असेल तर नक्षी पाठीवरूनही वळून जाते. अॅसिडने किंवा लेझरने वरवर काढलेली असेल तर पाठ कोरी असते. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

पण नावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पोलादाला पाणी कसं दिलंय. मी आयुष्यभर हेच बघत आलो. एकाच सळीतून कापलेल्या दोन तुकड्यांपैकी एक नीट तापवून, विझवून, पुन्हा बेताच्या उष्णतेवर शेकला आणि दुसरा घाईत उरकला, तर ते दोन वेगळे धातू असल्यासारखे वागतात. कडकपणा रॉकवेल सी या मापात मोजतात. खिशातल्या चाकूंचा आकडा बहुधा ५५ ते ६० च्या मध्ये असतो. स्विस आर्मी चाकूंची पाती साधारण ५६ ला ठेवलेली असतात. म्हणजे मऊच, पण धार पटकन लागते आणि काठाचा तुकडा उडत नाही. शंभराहून जास्त वर्षं लोक ते वापरताहेत, कोणाचं अडलेलं नाही. तुमच्या ‘८ सीआर’ला नीट पाणी दिलं असेल तर ते याहून दोन-तीन आकडे वर जातं. हा आकडा चाकूवर छापलेला असला तरी विकणाऱ्याचा शब्द, एवढीच त्याची किंमत. घरी मोजायचं यंत्र नसतं. मग कळायचं कसं?

कापून. पण त्यात एक मेख आहे आणि ती फार लोकांना ठाऊक नसते. कारखान्यात धार फिरत्या पट्ट्यावर लावतात. काठ हा पात्याचा सगळ्यात पातळ भाग, तो क्षणात तापतो. टूलरूममध्ये आम्ही रंगावरून ओळखायचो. पोलाद वाळल्या गवतासारखं पिवळं झालं की २०० अंशांच्या पुढे गेलं, निळं झालं की ३०० च्या आसपास. चाकूचा काठ असा जळला की तेवढी रेघ मऊ पडते. निळा रंग पॉलिशमध्ये निघून जातो, मऊपणा राहतो. मग लोक म्हणतात, ‘दोन दिवसांत बोथट झाला, पोलाद फालतू.’ ते पोलाद फालतू असतंच असं नाही. एकदोनदा दगडावर घासल्यावर ती मऊ रेघ निघून जाते आणि खालचं नीट पाणी दिलेलं पोलाद वर येतं. म्हणून नव्या चाकूच्या धारेबद्दल पहिल्या आठवड्यात निवाडा देऊ नये, दुसऱ्यांदा धार लावल्यावर द्यावा.

धार किती उरली हे बघायला अंगठा फिरवायची गरज नाही. दिव्याखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरा. ज्या काठाला धार आहे तो दिसत नाही, कारण प्रकाश परत यायला त्यावर जागाच नसते. जिथे बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे काठ वळला किंवा झिजला आहे. ठिपक्यापाशी नख हळूच लावल्यावर एका बाजूला अडकलं तर काठ वळलाय, म्हणजे पोलाद मऊ आहे किंवा ती जळकी रेघ अजून गेलेली नाही. खाच लागली तर तुकडा उडालाय, म्हणजे पोलाद ठिसूळ आहे किंवा धारेचा कोन फार बारीक ठेवलाय.

कोनाचं एक गणित सांगून ठेवतो, पुढचा चाकू आल्यावर लागेल. दगडावर पातं आडवं ठेवून पाठ किती उचलायची, हे सगळ्यांना छळतं. पात्याच्या रुंदीच्या पाव भागाएवढी पाठ दगडापासून वर उचला, साधारण १५ अंशांचा कोन होतो. एक तृतीयांश उचलली तर १९-२० अंश. पातं २४ मिलिमीटर रुंद असेल तर सहा आणि आठ मिलिमीटर. तेवढ्या जाडीची कसलीही चकती शोधा, पाठीखाली धरून अंदाज घ्या आणि मग काढून टाका. तुमच्या कामाला या दोन कोनांच्या मध्ये कुठेही चालेल. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत. कारखान्यात तिला आम्ही बर म्हणायचो. ही बर धारेच्या पूर्ण लांबीवर आली की बाजू बदला, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने एकेक फेरी मारून ती काढा. जुना चामड्याचा पट्टा असेल तर त्यावर पाठीच्या दिशेने ओढून चार वेळा पुसा. बर तशीच राहिली तर चाकू पहिल्या कागदाला वस्तऱ्यासारखा आणि दुसऱ्या खोक्याला लाकडासारखा वाटतो.

पुढचा घेताना आकार कमी करा. १७० ग्रॅम म्हणजे खिशात आणखी एक मोबाइल. आठ दिवसांत तो खिशातून बॅगेत जाईल, महिन्याभरात बॅगेतून खणात. खणातला चाकू कितीही चांगला असला तरी तुमची दोरी कापणार नाही. सात-आठ सेंटीमीटरचं पातं आणि शंभर ग्रॅमच्या आतलं वजन, यात रोजचं सगळं भागतं. पातं लांब असलं की काम चांगलं होतं हा समज मोठ्या फळांपुरता खरा आहे.

मिटलेला चाकू हातात घेऊन खाली तोंड करून झटका. पातं बाहेर डोकावलं तर खिशात तो आपोआप उघडू शकतो. मिटल्यावर टोक मुठीच्या आत पूर्ण गेलंय का ते बोट लावून नाही, डोळ्याने बघा. पातं मुठीच्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसतं का तेही बघा. जरा एका बाजूला असेल तर चालतं, भिंतीला घासत असेल तर धार रोज मिटताना बोथट होते. क्लिप असेल तर पँटच्या खिशाला लावून दहा पावलं चाला, खाली बसा, उठा. मूठ घट्ट आवळून धरल्यावर क्लिपचं टोक तळव्यात रुतत असेल तर पाच मिनिटांच्या कामानंतर तुम्ही तिला शिव्या द्याल. काळ्या कोटिंगचा गंजापासून थोडा उपयोग असतो, पण स्वस्त चाकूवर ते पुठ्ठ्याने महिन्याभरात ओरबाडून निघतं आणि चाकू रोगट दिसायला लागतो. साधं पातं घ्या. पातं बॉल बेअरिंगवर भिरभिर उघडतं हे बघायला मजा येते, पण खिशातला धुरळा त्यात जाऊन बसतो. साधे ब्राँझचे किंवा नायलॉनचे वॉशर कमी लाड मागतात.

‘महागाचाच घ्यावा’ या सल्ल्यावर एवढंच म्हणतो की जगातले दोन सगळ्यात गाजलेले खिशातले चाकू महागाचे नाहीतच. एक स्विस. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला आणि १८९७ मध्ये तो अनेक अवजारांचा चाकू नोंदवला. त्यातल्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या प्रकाराला लॉक नाही, फक्त पाठीची कडक स्प्रिंग पातं धरून ठेवते. धारेमागे पातं इतकं पातळ की पुठ्ठ्यात तुमच्या काळ्या राक्षसाला लाजवेल. दुसरा फ्रान्सच्या साव्हा भागातला ओपिनेल, १८९० पासूनचा. लाकडी मूठ, एक पातं आणि गळ्यात फिरणारी एक धातूची कडी. ती कडी फिरवली की पातं अडतं. कडीची युक्ती आली १९५५ मध्ये, त्याआधीची साठ-पासष्ट वर्षं लोकांनी तो लॉकशिवायच वापरला. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर आणि सगळा चाकू ५० ग्रॅमच्या आत. त्याची खोड अशी की मूठ ओली झाली की लाकूड फुगतं आणि पातं उघडेना होतं. मग मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोकायचं, पात्याचं टोक वर येतं. पोलाद दोन प्रकारांत मिळतं, स्टेनलेस आणि साधं कार्बनचं. तुम्ही स्टेनलेस घ्या. कार्बनचं पातं फळ कापल्यावर काळं पडतं आणि पुसायला विसरलात तर गंजतं. त्यावर जीव लावणारे लोक आहेत, मी त्यांतला एक, पण त्यांना दिवसभर पार्सलं उघडायची नसतात. एक सावधगिरी: दोन्हींच्या नकला निघतात. पात्यावरचा शिक्का पुसट, मुठीचे जोड उघडे आणि भाव निम्म्याहून कमी असेल तर तो त्या घरातला नव्हे.

तुमच्या कामाला यांतला कुठला? एका हातात पार्सल धरून दुसऱ्या हाताने चाकू उघडायचा असेल तर हे दोन्ही निरुपयोगी, दोघांनाही दोन हात लागतात. मग अंगठ्याने उघडणारा, लायनर किंवा बॅकलॉकचा (मुठीच्या पाठीवरची कळ दाबून मिटतो तो), शंभर ग्रॅमच्या आतला, साध्या धारेचा चाकू बघा, आणि वरच्या सगळ्या चाचण्या लावा. घाई नसेल, पार्सल टेबलावर ठेवून दोन हातांनी चाकू उघडायला वेळ असेल, तर मी स्विस सांगेन. कात्री आणि स्क्रूड्रायव्हरही मिळतो, आणि चारचौघांत खिशातून काढला तर समोरचा दचकत नाही. हे शेवटचं लहान समजू नका.

कारण कायदा. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. कुठला चाकू खिशात चालतो हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंतच्या धारेचा चाकू कारण न देता बाळगता येतो, पण लॉक होणाऱ्या चाकूला सबळ कारण लागतं, पातं कितीही छोटं असो. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूंवर निर्बंध आहेत. म्हणजे तुमच्यासारख्याला सोयीची वाटणारी नेमकी तीच वैशिष्ट्यं. तुम्ही राहता, काम करता आणि प्रवास करता तिथले नियम आधी बघा. विमानतळावर तर तो चाकू केबिनच्या बॅगेत राहिला तर बहुधा परत दिसणार नाही. ‘वेळप्रसंगी संरक्षणाला होईल’ असं मनात असेल तर ते काढून टाका. घडीचा चाकू त्या कामाचा नाही, आणि तसं म्हणून बाळगलात तर बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानेच तो शस्त्र ठरतो.

हातातला चाकू परत पाठवायचा तर आजपासून त्याने काही कापू नका. धार लावू नका, स्क्रू फिरवू नका. स्क्रूच्या खाचेवर ओरखडा दिसला की दुकानदाराला निमित्त मिळतं. पट्टी पलीकडे टेकलेली स्पष्ट दिसेल असा उघड्या चाकूचा एक फोटो वरून काढा आणि तक्रारीत नेमकं तेच लिहा. ‘आवडला नाही’ लिहू नका. मग पातं पुसून, मिटून, त्याभोवती कागदी पट्टी गुंडाळून बंद करा, म्हणजे पलीकडे खोकं उघडणाऱ्याच्या हाताला लागणार नाही. नवा आला की तो कसा वाटला ते लगेच कळवू नका. दुसऱ्यांदा धार लावून झाली की लिहा.